सातव्या शिक्क्याची जागा

त्या दिवशी मी ताय सरोवराच्या काठी, च्याओकाकूंकडे एक पुस्तक आणायला गेलो होतो. सूचौहून बसने दीड तास लागतो. पिशवीत छत्री, मधुमेहाच्या गोळ्या आणि काकूंसाठी तिळाच्या वड्यांचा पुडा, एवढंच सामान होतं. नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट आहे, मी तेव्हा सत्तरीचा होतो.

मी जुनी पुस्तकं दुरुस्त करतो. कसर लागलेली पानं उकलायची, खळ लावून आतून नवा कागद द्यायचा, पुन्हा दोऱ्याने शिवायचं. हे लोकांसाठी. स्वतःसाठी मात्र एकच जात जमवतो, जुन्या नाटकांच्या सचित्र प्रती, लाकडी ठशांवरून छापलेल्या. बायको होती तेव्हा म्हणायची, ‘‘या घरात माझ्यापेक्षा चित्रातल्या बायकाच जास्त झाल्यात.’’ खोटं नव्हतं ते.

च्याओकाकूंकडे होतं ते एका नावाडणीचं नाटक, चारशे वर्षांपूर्वीचं, बत्तीस चित्रांचं. त्यातली एक चित्रपाटी कोरणाऱ्याने अशी कोरली होती, की नावाडणीच्या टोपीचे वेतसुद्धा मोजता यावेत. या पुस्तकासाठी मी काकूंच्या यजमानांच्या चाळीस वर्षं मागे लागलो होतो. ते गेले आणि तीन महिन्यांनी काकूंनी स्वतःच फोन केला.

अंगणात चटई अंथरलेली होती. कोपऱ्यातल्या टोपलीत यांगमेईची लाल फळं होती. काकू अठ्ठ्याऐंशीच्या, पण पाठ ताठ.

‘‘बघा सावकाश,’’ त्या म्हणाल्या. ‘‘चाळीस वर्षं थांबलात, आता घाई कसली?’’

मी पहिलं पान उघडलं. आमच्या धंद्यात पुस्तकाचा इतिहास पहिल्या पानाच्या उजव्या कडेला वाचायचा असतो. पहिला मालक अगदी तळाशी आपला लाल शिक्का उमटवतो, त्याच्यानंतरचा त्याच्या वर, त्याच्यानंतरचा त्याच्याही वर. ज्याला रीतभात आहे तो पुढच्यांसाठी जागा सोडतो. मध्ये रिकामी जागा ठेवून कुणी वर मारत नाही. या पुस्तकावर सहा शिक्के होते. सहावा काकूंच्या यजमानांचा. त्याच्या वर एका शिक्क्यापुरती कोरी जागा होती आणि तिच्याही वर एक फिकट गुलाबी चौकोन होता.

‘‘काकू, कुणी तरी यांगमेई खाऊन हात लावलाय पानाला.’’

‘‘या घरात पोरंटोरं कुठली? कुठे लावलाय?’’

मी दाखवलं. त्यांनी पान डोळ्यांजवळ नेलं.

‘‘सहा शिक्के दिसतात मला. वर तर कोरं आहे. आणि मोतीबिंदू गेल्याच वर्षी काढलाय हो माझा. तुमचे डोळे दाखवून घ्या, फंगमास्तर.’’

 काकूंनी पुस्तक निळ्या कापडात बांधून दिलं आणि दारापर्यंत आल्या.

‘‘एक करा. घरी गेल्यावर तुमचा शिक्का मारा. हे म्हणायचे, शिक्का न मारता पुस्तक ठेवलं म्हणजे ते ठेवलं नाही, कोंडलं.’’

एरवी मी नवं पुस्तक आणलं की पायातले जोडे काढायच्या आधी शिक्का काढतो. त्या दिवशी नाही काढला.

घरी न जाता मी आधी दवाखान्यात गेलो. माझी एकुलती एक मुलगी, वानयिंग, तिथे पाच आठवडे पाय उंच करून पडून होती. तिची आधीची दोन बाळं पोटातच गेली होती. हे तिसरं. ती छत्तीसची. डॉक्टरीणबाईंनी जावयाला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की यानंतर पुन्हा विचार करू नका. त्या पोराने जगावं याखेरीज मला त्या दिवसांत काही नको होतं. निदान मी तसं समजत होतो.

‘‘मिळाली का बाबा, तुमची नावाडी बाई?’’ वानयिंगने विचारलं.

‘‘मिळाली. मुलगी झाली तर तिचंच नाव ठेवू.’’

‘‘काही नको! तुमच्या नाटकांतल्या बायका तिसऱ्या अंकापर्यंत झुरून मरतात.’’

नर्सने तिच्या पोटावर यंत्र टेकवलं. आतून धावत्या घोड्यासारखा आवाज आला. आम्ही तिघंही ऐकत राहिलो.

संध्याकाळी घरी पुस्तक उघडलं, तर तो गुलाबी चौकोन जरा गडद झाला होता. मी भिंग लावलं. फळाचा डाग कागदात पसरतो, हा पसरला नव्हता. चारही कडा सरळ होत्या. वास घेतला. एरंडेल आणि हिंगूळ... शिक्क्याच्या लेपाचा वास, आणि तोही ताज्या. चारशे वर्षांच्या कागदाला असा वास येत नाही.

तेव्हा मला समजलं आणि घाम फुटला. सहावा गेलेल्या मालकाचा. सातवी जागा माझी. मग हा आठवा कुणाचा? माझ्यानंतर येणाऱ्याचा. आणि शिक्का उमटायला लागला म्हणजे तो दाराशी आला. म्हणजे मी निघालो! हृदयात दोन स्प्रिंगा बसवलेल्या माणसाला हे गणित कुणी समजावून सांगावं लागत नाही. मी माझा शिक्क्याचा दगड उचलला आणि तांदळाच्या डब्यात तळाशी खुपसून ठेवला. मी मारलाच नाही, तर माझ्या वरचा कसा मारेल?

पुढचे दहा दिवस मी ते पुस्तक रोज उघडलं आणि रोज मिटलं. एके दिवशी चौकोन लालसर दिसला. त्या दिवशी दवाखान्यातून जावयाचा फोन होता, बाळाचं वजन वाढलंय. दोन दिवसांनी तो एवढा फिकटला की भिंगाशिवाय दिसेना. त्या रात्री वानयिंगला कळा आल्या होत्या, औषधाने कशाबशा थांबवल्या. तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा मी खुर्चीत बसून राहिलो. तो शिक्का कुणाचा, ते मला आता माहीत होतं.

आणि तरीही मी दगड डब्यातून काढला नाही. हे सांगताना आजही मान खाली जाते. नातवंड येणार म्हणजे मी जाणार, अशी अदलाबदल असेल का, या एका विचाराने मी अडून बसलो. लोक म्हणतात आजोबा नातवंडावर जीव ओवाळून टाकतो. मी माझा जीव तांदळात लपवला होता.

आमच्या पंचांगातल्या सहाव्या महिन्याची सहावी तिथी आली. या दिवशी आमच्याकडे पुस्तकांना ऊन दाखवतात. मी सकाळीच गच्चीवर वेताच्या चटया घातल्या आणि माझ्या सगळ्या नाटकांची पुस्तकं उघडी करून मांडली. अकराच्या सुमाराला ऊन एवढं तापलं की गल्लीतलं कुत्रंही आडोशाला गेलं. कालव्यावर एकही नाव नव्हती. झाडांवर सिकाडे, उन्हाळ्यातले ते किरकिरे किडे, ओरडत होते. चटईवर शेकडो चित्रं आभाळाकडे तोंड करून पडली होती. राजे, दासी, भुतं, न्यायाधीश. वारा औषधालाही नव्हता.

बरोबर बारा वाजता सिकाडे थांबले. एकदम, सगळे.

आणि मला नावाडणीच्या पुस्तकाचं पान उलटल्याचा आवाज आला. मग दुसरं. मग भराभर... मागच्या चित्रापासून पुढे, एकेक पान उलटत पुस्तक पहिल्या पानावर आलं आणि थांबलं. बाकीच्या पुस्तकांचं एक पानही हललं नाही.

मी उठणार तेवढ्यात फोन वाजला. जावई होता, शाओचुन. 

‘‘बाबा... ठोके पडतायत. बाळाचे. तिला आत नेलंय... कापून काढणार म्हणतात. तीसच आठवडे झालेत, बाबा...’’

‘‘वानयिंग?’’

‘‘ती शुद्धीवर होती. तुम्हाला विचारत होती.’’

मी पानाकडे पाहिलं. वरचा चौकोन जवळजवळ गेला होता. कडा गेल्या होत्या, मध्ये थोडी गुलाबी छटा राहिली होती आणि ती माझ्या डोळ्यांदेखत विरत होती.

तेव्हा ते ऐकू आलं. अगदी कानाशी. हाऽऽ...

तुम्ही कधी शिक्का मारणारा माणूस पाहिलाय का? कागदावर टेकवण्याआधी तो दगडाच्या तोंडावर फुंकर घालतो, उबदार, ओली, म्हणजे लेप मऊ होतो आणि ठसा स्वच्छ उठतो. तोच श्वास होता तो. कुणी तरी शिक्का तयार धरून माझ्या शेजारी बसलं होतं. माझ्या गालाला ती ऊब लागली. वळून पाहायची माझी छाती झाली नाही.

हाऽऽ... पुन्हा. आता जरा क्षीण. वाट पाहून दमल्यासारखा.

मी धावलो. सत्तरीचा माणूस जिन्यावरून जसा धावतो तसा, कठडा धरून, दोनदा घसरत. तांदळाचा डबा जमिनीवर उपडा केला. दगड हाताला लागला. लेपाची डबी घेतली आणि पुन्हा वर आलो. दगड लेपावर टेकवला, त्यावर फुंकर घातली. तोंड इतकं कोरडं पडलं होतं की ती फुंकर कसली, नुसती धाप होती. रिकाम्या जागेवर दगड टेकवला आणि दोन्ही हातांनी दाबला.

‘‘ये,’’ मी म्हणालो. ‘‘मी माझी जागा घेतली, आता तू तुझी घे. मला न्यायचं तर ने, पण तू ये.’’

दगड उचलला. माझं नाव स्वच्छ उमटलं होतं, खालच्या सहांच्या रांगेत. गच्चीवर काहीच हाललं नाही. मी तिथेच चटईवर बसून राहिलो, टाळूवर ऊन घेत, आणि छातीत कळ कधी येते याची वाट पाहत राहिलो. कळ आली नाही. थोड्या वेळाने एक सिकाडा ओरडला, मग दुसरा, मग सगळेच.

पंचवीस मिनिटांनी फोन आला.

‘‘मुलगी आहे,’’ शाओचुन म्हणाला. ‘‘रडली. एवढीशी आहे बाबा, पण रडली.’’

पहिलं संकट टळलं, पण सुटका झाली नव्हती. पोरगी तेराशे ग्रॅमची. काचेच्या पेटीत, नाकात नळ्या, पायाला पट्टी, माझ्या अंगठ्याएवढी टाच. डॉक्टरीणबाई सरळ बोलणाऱ्या होत्या. ‘‘फुप्फुसं कच्ची आहेत. पहिले सात दिवस मी तुम्हाला काहीही कबूल करणार नाही. तुम्हीही काही धरून चालू नका.’’ वानयिंग चाकाच्या खुर्चीत बसून काचेला हात लावून असायची. तिच्या घशाखाली पाणीसुद्धा उतरत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी तिने नाव ठरवलं. श्याओमान. शेतात दाणा भरू लागतो, पण पुरता भरलेला नसतो, त्या पंधरवड्याचं नाव.

तिच्या सासूबाई म्हणाल्या, ‘‘अगं, श्याओमान उलटून दोन महिने होत आले. आता कुठलं?’’

‘‘मला माहीत आहे, आई. पण बघा ना तिच्याकडे. अजून भरली नाही... पण भरतेय.’’

 मी चष्मा पुसत बाहेर पडलो.

घरी आलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. तीन दिवस मी पुस्तकाला हात लावला नव्हता. खरं सांगायचं तर भीती वाटत होती. पान कोरं दिसलं असतं, तर मी पुन्हा दवाखान्यात कुठल्या तोंडाने गेलो असतो? हात धुतले, खिडकी उघडली, निळं कापड सोडलं.

शिक्का होता. माझ्या शिक्क्याच्या वर, पक्का, लालभडक. जुन्या वळणाची दोन अक्षरं मी विनासायास वाचली. श्याओमान.

एवढ्यावरच मी रडायला लागलो असतो, पण त्याच्या शेजारी आणखी काही तरी होतं. एक छोटा, उभा शिक्का. जाणते संग्राहक म्हातारपणी असा एक वेगळा करून घेतात, जुनं पुस्तक पुन्हा हाती घेतलं की मारण्यासाठी. त्यात वय असतं. मी भिंग घेतलं. कोपर टेबलावर टेकलं आणि एकेक अक्षर लावत गेलो.

‘वय एक्याऐंशी. ऊन दाखवताना पुन्हा पाहिलं.’

मी ते चार वेळा वाचलं. एक्याऐंशी! आणि तिकडे काचेच्या पेटीत ती तीन दिवसांची होती. मला हसू आलं, मग हुंदका आला, मग दोन्ही एकदमच आलं. मी वानयिंगला फोन लावला.

‘‘जेवलीस का?’’

‘‘उतरत नाही बाबा काही.’’

‘‘उतरव. सूप मागव, भात मागव. पोरीमागे खूप वर्षं धावायचंय तुला.’’

‘‘डॉक्टर तर म्हणतात...’’

‘‘डॉक्टर म्हणू देत. तू जेव.’’

ती नुसती रडली, आणि मग म्हणाली, बरं, मागवते.

फोन ठेवून मी पुन्हा पानावर वाकलो. त्या उभ्या शिक्क्याला बोट लावलं. बोट लाल झालं. लेप अजून ओला होता. नावाचा शिक्का सरळ होता, पण हा वयाचा किंचित तिरका पडला होता, म्हातारपणी हात कापतो तेव्हा पडतो तसा.