रुमाल टाकलेली खुर्ची

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, हे आधीच सांगून ठेवते. मी बँकेत ऑडिटला आहे. कागद दाखवल्याशिवाय कुणाच्या बापावर विश्वास ठेवत नाही. तरी त्या शनिवारचं सांगायला बसले की अंगावर काटा येतो आणि हसूही येतं, दोन्ही एकदमच.

दुपारी लिटिल इंडियात भाजणीची धान्यं आणायला गेले होते. पिशवी भरत आली आणि जुन्या कॉमिक्सच्या दुकानवाल्या टॅन अंकलचा मेसेज आला, तुझं कॉमिक सापडलं. कढीपत्ता राहिला तो राहिलाच. मी तशीच निघाले, जवळजवळ पळतच.

त्या कॉमिकची गोष्ट अशी. लहानपणी निशिकांतदादाला पुण्यात रद्दीच्या दुकानात कॅप्टन बार्नबीचे पाच भाग मिळाले होते. इंग्रजी कॉमिक, पण दादा ते मला मराठीत वाचून दाखवायचा, आवाज काढून. कॅप्टन मी आणि त्याचा खवट पोपट दादा. पाचव्या भागाच्या शेवटी कॅप्टन जहाजाच्या तळघरात कोंडला जातो आणि पाणी गळ्याशी येतं. सहावा भाग आम्हाला कधीच मिळाला नाही. मी म्हणायचे, मेला तो. दादा म्हणायचा, अगं, त्याने दार ओढून तरी बघितलं का? नुसता ढकलतोय बावळट. यावर आम्ही चाळीस वर्षं भांडलो. तीन वर्षांपूर्वी, हॉस्पिटलमधल्या शेवटच्या आठवड्यात, दादाने हळूच विचारलं होतं, "मेधे, सुटला का गं तो?" मी म्हटलं, शोधते आणि सांगते. सांगायचं राहून गेलं.

अंकलचं दुकान एका जुन्या शॉपिंग सेंटरच्या तिसऱ्या मजल्यावर आहे. एका भिंतीला कॉमिक्स, समोरच्या भिंतीला रेकॉर्ड्स आणि मधे रेकॉर्ड प्लेअरसमोर दोन खुर्च्या, एकीमागे एक. चिन्यांचा सातवा महिना चालू होता. आपला पितृपंधरवडा यायचा असतो, तेव्हा यांचे पूर्वज येऊन गेलेले असतात. फुटपाथवर पूर्वजांसाठी कागद जाळल्याची राख होती आणि तो धुरकट वास माझ्याबरोबर लिफ्टमधून वर आला. दुकानात शनिवारची गर्दी होती, पण पुढची खुर्ची रिकामी. मला काय, आनंदच झाला. पर्समधला रुमाल काढून खुर्चीवर टाकला आणि काउंटरकडे गेले.

इथले लोक हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉल्सच्या हॉलमध्ये, टिश्यूचं पाकीट ठेवून टेबल धरतात. आम्ही स्वारगेटवर वाढलेली माणसं. तिथे दादा एसटी थांबायच्या आत खिडकीतून रुमाल फेकायचा, कोपऱ्याला गाठ मारून, म्हणजे तो नेमका सीटवर पडायचा. मग सावकाश चढून मला खिडकीत बसवायचा.

अंकलने रुमाल पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"ती जागा कोणासाठी धरलीस?"

मी चेष्टेत म्हटलं, भावासाठी. कुठे असतो तो, त्यांनी विचारलं. मी बोट वर केलं. अंकलना कळलं असावं. त्यांनी आवाज खाली आणून समजावलं की या महिन्यात गाण्यांच्या मांडवात पहिली रांग रिकामी सोडतात, तशीच ही खुर्ची. ती पाहुण्यांची. मी रुमाल उचलायला वळले, तर त्यांनी मनगट धरलं.

"आता नको उचलू lah... बोलावलंस ना. तू त्यांच्यासाठी जागा धरलीस, की ते तुझ्यासाठी धरतात."

त्यांनी सहावा भाग माझ्या हातात दिला आणि एक पियानोची रेकॉर्ड लावली. मी मागच्या खुर्चीवर बसले. भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू. पण हातात सहावा भाग होता. मी वाचायला लागले, हळू आवाजात, मराठीत, पुढच्या खुर्चीला ऐकू जाईल इतपत.

पाणी कॅप्टनच्या हनुवटीला लागलं. तो दार ढकलतोय, ढकलतोय. मी पान उलटलं. चित्रात पोपट खांद्यावर बसून काहीतरी म्हणत होता. पोपट माझा नव्हता, म्हणून मी थांबले. रेकॉर्डवरचा पियानोही त्याच क्षणी थांबला, तबकडी फिरत होती तरी. धुराचा वास गेला. श्रीखंडाच्या गोळीचा वास आला, दादाच्या खिशाला यायचा तो. पुढच्या खुर्चीची गादी हळूच... दबली.

मग मीच पोपटाचं वाक्य वाचलं, घोगऱ्या आवाजात.

"बावळटा, ओढून बघ."

कॅप्टनने दार ओढलं आणि ते उघडलं. चाळीस वर्षं ते उघडंच होतं.

हसण्याचा आवाज रेकॉर्ड प्लेअरच्या स्पीकरमधून आला. शेवटी उचकी लागणारं हसू. आमच्या घरात असं एकच माणूस हसायचं. दुकानातल्या सगळ्यांनी मान वर केली. अंकल डोळे मिटून उभे राहिले. आणि मी, पन्नाशीची बाई, कॉमिक छातीशी धरून हसत सुटले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. तू जिंकलास, दादा. हरण्याचा इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

पियानो पुन्हा सुरू झाला. गादी वर आली. अंकलच्या सांगण्याप्रमाणे रुमाल मी खुर्चीवरच राहू दिला. निघताना वळून पाहिलं, तेव्हा तो तिथेच होता.

संध्याकाळी यिशुनला घरी परतायला लाल लाइनच्या ट्रेनमध्ये चढले. डबा खचाखच भरलेला. हातातली पिशवी जड. तरी खिडकीजवळची एक सीट रिकामी होती आणि कोणी तिच्याकडे बघतही नव्हतं. मी जवळ गेले.

सीटवर माझा रुमाल होता. उचलला तर कोमट लागला आणि त्याला श्रीखंडाच्या गोळीचा वास येत होता.

मी बसले. काय करणार, माझ्यासाठीच तर धरली होती. मांडीवर कॉमिक ठेवलं, रुमालाची घडी घालायला घेतली, तेव्हा बोटांना काहीतरी लागलं. त्याच्या कोपऱ्याला गाठ होती.