क्लेमेंसच्या बायकोचं भांडं

आमच्या चर्चच्या तळघरात जेवण असलं की प्रत्येक बाई आपल्या भांड्याच्या बुडाला चिकटपट्टी लावून तिच्यावर नाव लिहिते. नाहीतर भांडं कुणाच्या स्वयंपाकघरात जाऊन बसेल याचा नेम नाही. उरलेली भांडी जिची तिला पोचवायचं काम माझ्याकडे. मी आर्डिस नॉक, नेब्रास्कातल्या याच गावात चाळीस वर्षं गणित शिकवलं. माझ्या मोजणीवर इथे कुणी शंका घेत नाही.

मे महिन्यातल्या त्या रविवारी मात्र माझं लक्ष थाऱ्यावर नव्हतं. माझ्या पणजीच्या आईचं नाव मी अकरा वर्षं शोधत होते. थडग्यावर एवढंच होतं: 'क्लेमेंस ब्रॅन्ड्टची बायको'. वर्तमानपत्रात, चर्चच्या यादीत, सगळीकडे मिसेस क्लेमेंस ब्रॅन्ड्ट. दोन जनगणनांच्या मधल्या आठ वर्षांत बिचारीने लग्न, चार बाळंतपणं आणि मरण उरकलं होतं. आता तो दगड फुटला होता, आणि सोमवारी दुपारी कारागीर नवा कोरायला येणार होता. नाव मिळालं नाही तर पुन्हा दीडशे वर्षं ती नुसती बायकोच राहणार.

दफनभूमीचं काम बघणारा माझा चुलतभाऊ व्हर्लिन ताटात हॅम वाढून घेत म्हणाला, "आर्डिस, एवढी वर्षं 'बायको'वर भागलं ना तिचं?"

"तुझ्या दगडावर 'मॅव्हिसचा नवरा' एवढंच कोरू का?"

त्याने हॅमचा आणखी एक तुकडा घेतला.

सकाळी तळघराचं कुलूप मीच काढलं होतं. आत आधीच शहाजिरं घातलेल्या आंबट कोबीचा वास येत होता. कुणीतरी काल काही सांडलं असेल म्हणून मी खिडक्या उघडल्या. त्या दिवशी आम्ही तेवीस जणींनी तेवीस भांडी आणली. आवराआवर झाली, सगळ्या आपापलं भांडं घेऊन गेल्या, आणि टेबलावर एक उरलं.

तपकिरी, जाड मातीचं. तळाशी थोडा कोबी. जेवण होऊन तीन तास झाले होते, तरी भांडं हाताला चांगलं गरम लागत होतं.

मी ते उलटून पाहिलं. चिकटपट्टी नव्हती. खळीने डकवलेली कापडाची पिवळी चिंधी होती, आणि तिच्यावर लाल दोऱ्याने भरलं होतं: ओटिली.

या गावात ओटिली नावाची बाई मी जन्मात पाहिलेली नाही.

सोमवारी आठ वाजता मी शेजारच्या राज्यातल्या जुन्या जर्मन चर्चच्या दारात उभी होते. तिथल्या बाप्तिस्म्याच्या वह्या मी पूर्वीही चाळल्या होत्या, पण क्लेमेंसच्या आडनावावरून. माहेरचं आडनाव आणि नाव दोन्ही माहीत नसताना बाई कशी सापडावी? या वेळी फक्त नावं वाचत गेले. अकराच्या सुमाराला ती सापडली. ओटिली रेनेके, जन्म १८५१. समासात पाद्रीबाबांच्या बारीक अक्षरात: 'विवाह, क्लेमेंस ब्रॅन्ड्ट, नेब्रास्का.'

मी मोठ्याने हसले. मग रडले. मग व्हर्लिनला फोन केला.

"छिन्नी लावू देऊ नकोस. ओटिली. ओटिली रेनेके."

त्याने विचारलं, "कुठे मिळालं?"

"वहीत," मी म्हणाले. ते खोटं नव्हतं.

शुक्रवारी दगड उभा राहिला. तिचं नाव नवऱ्याच्या नावापेक्षा बोटभर मोठं कोरून घेतलं. व्हर्लिनने टोपी काढली आणि ते मोठ्याने वाचलं. त्या दुपारी मला जिंकल्यासारखं वाटलं, आणि मी जिंकलेच होते.

दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायची आमच्याकडे रीत नाही. मी त्यात रूबार्बच्या आंबट देठांचा गोड पदार्थ भाजला आणि दगडापाशी ठेवून आले.

शनिवारी सकाळी ते माझ्या दारात होतं. वर स्वच्छ फडकं, आत वाफाळता कोबी.

मी ते घरात आणलं. कोबी संपवला, फार छान होता. धुताना भांडं उलटलं.

ओटिलीच्या चिंधीखाली, रविवारी जिथे काहीच नव्हतं तिथे, दुसरी चिंधी होती. तोच लाल दोरा, तेच टाके: आर्डिस.

तीही पहिलीइतकीच पिवळी पडलेली होती.