तिया बिबियानाचे उरलेले तीन दिवस

या, जरा जवळ सरका. आज सांगते ती गोष्ट कुणाच्या तोंडून ऐकलेली नाही, माझ्यासमोर घडलेली आहे. यातला एक शब्द जरी मी पदरचा घातला, तर पवित्र माता मला बघून घेईल.

भुताखेताचं म्हटलं की लोकांना अंधारी रात्र हवी असते. हे घडलं भर उन्हात.

नऊ वर्षांपूर्वीचा सप्टेंबर. पहिला शुक्रवार. दुपारचे साडेतीन. आमचं व्हिलाहोयोसा गाव, समुद्राला लागून असलेली रंगीत घरांची ओळ, आणि तिच्यातलं पिवळं घर.

मी फिना. परदेशी लोकांच्या घरांच्या किल्ल्या सांभाळते. थंड देशातली माणसं आमच्याकडे ऊन विकत घ्यायला येतात. हो, ऊनच. घर त्याच्यासोबत येतं, इतकंच. म्हणून आम्ही गिऱ्हाईक यायच्या तासभर आधी सगळ्या खिडक्यांची शटरं वर ओढून ठेवतो. दार उघडलं की समोर निळा समुद्र, फरशीवर सांडलेलं ऊन. अर्धा सौदा उंबऱ्यातच होतो.

आम्ही स्वतः मात्र दुपारभर शटरं खाली सोडून गारव्यात बसतो. आणि घरात कुणी गेलं, तर नऊ दिवस ती वर घेतच नाही. रोज संध्याकाळी शेजारणी जमतात, जपमाळ होते. एकीने अर्धी प्रार्थना म्हणायची, बाकीच्यांनी उरलेली अर्धी म्हणून उत्तर द्यायचं. नऊ दिवस झाले की शटर वर. मग गेलेलं माणूस सुटलं.

त्या पिवळ्या घरात तिया बिबियाना वारली होती. मोठ्या बायकांना आमच्या गल्लीत सगळे तियाच म्हणतात. एक्याण्णव वर्षांची. जन्मभर मासेमारीची जाळी सांधली तिने.

चाळीस वर्षं आम्ही दोघी फादर ओनोरातोंच्या प्रवचनाला पहिल्या बाकावर बसलो. फादर उपवासकाळात प्रवचन गाऊन सांगत. एक ओळ त्यांची, एक ओळ आमची. काय तो गळा! अंगावर काटा यायचा, डोळे वाहायचे. तिया तर इतकी रंगायची की फादर थांबले तरी ही गातच राहायची.

जायच्या आदल्या दिवशी तिने माझं मनगट धरलं.

"फिने, नऊ दिवस. गाऊन. घाई करायची नाही. उत्तर आल्याशिवाय मी हलायची नाही, सांगून ठेवते."

"तिया, मरतानाही दटावतेस होय?"

"तू आळशी आहेस म्हणून."

मी हसले. शब्द दिला.

सातव्या दिवशी सकाळी तिचा भाचा सेलेस्तिनो आला. घर आता त्याचं होतं.

"फिना, दुपारी गिऱ्हाईक येतंय. नॉर्वेचं. शटरं उघड."

"अरे, अजून तीन दिवस राहिलेत."

"ते रविवारी परत चाललेत. आत्या स्वर्गात बसली असेल एव्हाना, तिला खिडकीचं काय?"

"आणि जपमाळ?"

"चर्चमध्ये करा की! तिथे देव जास्त जवळ असतो ना?"

मी उघडायला गेले. नाही म्हणता आलं असतं. नाही म्हटलं नाही.

बैठकीचं शटर वर गेलं. स्वयंपाकघराचंही. मग तिच्या खोलीचं... पट्टा ओढला आणि ऊन पलंगावर पडलं.

तेवढ्यात माझ्या पाठीमागून आवाज आला.

"नमो मरिये, कृपापूर्णे..."

अर्धी प्रार्थना. आणि मग थांबणं.

उत्तराची वाट पाहणारं थांबणं.

मी वळले. पलंग. भिंत. कुणी नाही.

ओठ उघडलेही होते माझे. पण खाली गाडीचा हॉर्न वाजला आणि मी जिन्याकडे धावले.

उत्तर दिलंच नाही.

गिऱ्हाईक म्हणजे इंगेर आणि तिचा नवरा तुरे. इंगेरची हाडं दुखायची, हातात काठी. डॉक्टरांनी ऊब सांगितली होती. ती तियाच्या खोलीत गेली, बूट काढून उन्हाच्या चौकोनात उभी राहिली आणि रडायला लागली.

"इथे," ती म्हणाली. "तुरे, इथे."

तिला आमच्या भाषेतले चार शब्द येत होते. त्यातला एक 'इथे'.

सौदा झाला. दुसऱ्या दिवशी रंगारी आले. उरलेले तीन दिवस मी माझ्या घरी करू शकले असते. पण त्या आठवड्यात चार घरांत पाहुणे बदलत होते. आज करू, उद्या करू म्हणत राहिले.

नोव्हेंबरमध्ये ती दोघं राहायला आली. मला इंगेर फार आवडायची. रोज सकाळी गॅलरीत तोंड उन्हाकडे करून बसायची, आणि मला पाहिलं की काठी उंच करून ओरडायची, "फिना! सूर्य!"

जानेवारीत एकदा दुपारी मी त्यांच्याकडे सार्डिनची कोका, म्हणजे वर मासे घालून भाजलेली आमची पोळी, घेऊन गेले.

शटरं खाली होती. सगळी.

तुरेने दार उघडलं. बारा दिवस झोप नसल्यासारखा चेहरा.

"इंगेर ऊन नको म्हणते," तो हळूच म्हणाला. "वर घेतलं की खाली करते. फिना, आम्ही तिकडचं घर विकून आलोय. फक्त उन्हासाठी."

आत इंगेर अंधारात बसली होती. काठी कुठेच नव्हती. बोटं मांडीवर हलत होती... वर, खाली, गाठ. वर, खाली, गाठ.

ती जाळं सांधत होती. मांडीवर जाळं नव्हतं.

"पवित्र मरिये, परमेश्वराच्या माते," ती म्हणाली. आमच्या गल्लीच्या हेलात. "आम्हा पाप्यांसाठी विनंती कर..."

उरलेली अर्धी प्रार्थना.

ती कुणाला तरी उत्तर देत होती.

माझ्या हातातलं ताट पडलं.

मी फादरांकडे धावले. ते थकले होते, आवाज गेला होता. म्हणाले, "राहिलेले दिवस पूर्ण कर, पोरी. मला दुसरं काही ठाऊक नाही."

तीन संध्याकाळी मी त्या खोलीत गुडघे टेकले. गायले. घाई केली नाही. इंगेर माझ्यासमोर बसून प्रत्येक उत्तर चोख देत होती. तुरे दारात उभा राहून रडत होता.

तिसऱ्या दिवशी शेवटचं आमेन झालं. मी उठून शटर वर ओढलं. मावळतीचं ऊन थेट तिच्या तोंडावर आलं.

"इंगेर?" मी म्हटलं. "इंगेर, बघ ना, सूर्य."

तिने माझ्याकडे पाहिलं. ओळखीचं पाहणं. चाळीस वर्षांच्या ओळखीचं.

"आता आठवलं होय, फिने?"

मी मागे सरकले.

"घाई करू नको म्हटलं होतं. उशीर करू नको, हे वेगळं सांगायला हवं होतं?"

मी पाया पडले. माफी मागितली. काय काय बोलले ते आठवत नाही. ती पुन्हा बोटं हलवत बसली.

मार्चमध्ये तुरे तिला नॉर्वेला, मुलीकडे घेऊन गेला. किल्ली माझ्याकडे ठेवली. टॅक्सीत बसताना तिने घराकडे पाहिलं, आईपासून तोडताना मूल पाहतं तसं.

पंधरा दिवसांनी फोन आला. तुरेचा नंबर. पण आवाज त्याचा नव्हता.

"फिने, इथे फार थंडी आहे गं. मला इथलं कुणी कळत नाही. घरी ने ना मला."

"तिया," मी म्हटलं, "इंगेर कुठे आहे?"



फोन बंद झाला. मी परत लावला. त्या दिवशी लावला, त्या महिन्यात लावला. उचलला नाही कुणी. पुढे तो नंबरच बंद झाला.

फोन आला त्याच दुपारी मी पिवळ्या घरात गेले. दार उघडलं. आत काळोख.

वरच्या खोलीतून आवाज येत होता. शटरचा पट्टा ओढल्याचा. सर्र... आणि थांबला. परत सर्र... ज्याच्या हातात जोर नाही त्याने ओढावा तसा.

आणि रडणं. बाईचं. मध्येच काही शब्द. मला एकही कळला नाही. ती आमची भाषा नव्हती.

मी धावत वर गेले. शटर उघडलं. खोली उन्हाने भरली. रडणं थांबलं.

दुसऱ्या दिवशी शटर पुन्हा खाली.

तेव्हापासून मी रोज जाते. आठ वर्षं झाली. घर विकायला काढलंय, पण विकलं जात नाही. तुरेच्या जावयाचं पत्र वर्षातून एकदा येतं, त्यात इंगेरबद्दल ओळ नसते. मी शटर वर घेते. ती थोडा वेळ गप्प होते. याहून जास्त मला काही करता येत नाही.

फादर ओनोरातो गेले. नव्या फादरांना विचारलं, तर ते म्हणाले, आराम करा, फिनाताई.

तियासाठी प्रार्थना कशी करायची ते मला येतं. इंगेरसाठी येत नाही. तिचा पंथ वेगळा, तिची गाणी मला ठाऊक नाहीत. मी काय म्हटलं म्हणजे तिला उत्तर देता येईल, हेच कळत नाही.

तुम्ही ज्या देवाला हात जोडता, त्याच्यापुढे आज एकदा तिचं नाव घ्या. इंगेर. तुम्हाला जमेल त्या भाषेत घ्या. आणि नाव घेतल्यावर लगेच उठू नका. थोडं थांबा.