सत्त्याऐंशीचं भूत

डोळे मिटा आणि एक खोली मनात आणा. टेबल, जुना कॉम्प्युटर, रिकामी खुर्ची. खुर्चीत बसणारे आजोबा जाऊन तीन महिने झालेत. तेव्हापासून घरातलं कुणी तिथे बसलेलं नाही. आणि आज भर सकाळी त्यांचं पत्र येतं!

पत्र आलं दूरच्या गावी, आत्याला. तिने लगेच फोन केला.

"दादा, बाबांच्या नावाने मेल कोण पाठवतंय? पाच आलेत. ही कसली थट्टा?"

"शपथ, मी नाही," चिमीचे बाबा म्हणाले.

"थांब... सहावा आला."

बंद दाराआड कॉम्प्युटर घुरघुरत होता. नऊ वर्षांच्या चिमीच्या अंगावर काटा आला. तरी तिने बाबांच्या हातून फोन घेतला आणि दार ढकललं.

"आत्या, लिहिलंय काय त्यात?"

"परवा डोळ्याचं ऑपरेशन आहे, म्हणे."

"ते तर गेल्या वर्षीच झालं!"

"तेच तर! भुताला तारीख कळत नाही का?"

"तू आजोबांना काय लिहिलं होतंस?"

"भांडणानंतर आम्ही फोनवर बोलत नव्हतो. मी मेलवर विचारलं, येऊ का? किती वेळा! उत्तर नाही. म्हटलं, राग गेला नाही. मग भेटायचं राहूनच गेलं."

"पण तुझे मेल यायचे. आजोबा उत्तरही लिहायचे. बटण दाबायचे आणि लगेच मशीन बंद. म्हणायचे, दाबलं की गेलं!"

चिमीने मागे पाहिलं. "बाबा, आज इथे कोण आलं होतं?"

"कॉम्प्युटरवाला. तुझं मेलचं खातं जोडून गेला. इतक्या दिवसांनी आजच चालू झालाय हा."

पडद्याच्या कडेला एक चिठ्ठी चिकटवलेली होती. आजोबा कचेरीत आवक-जावक कारकून. मेलचंही त्यांनी तसंच केलं होतं : येणाऱ्या पत्रांचा सर्व्हर 'आवक', जाणाऱ्यांचा 'जावक', आणि प्रत्येकापुढे त्याच्या पोर्टचा, म्हणजे मेलच्या दाराचा, आकडा. जावकपुढच्या 578 वर ताजी लाल काट होती. शेजारी लाल शाईतच 587.

578 चिमीच्या अक्षरात होतं.

चिठ्ठी खिशात घातली असती तर कुणाला पत्ता लागला नसता. चिमीने फोन पुन्हा कानाला लावला.

"आत्या, भूत नाही. चोर सापडला. मीच."

"तू?"

"मी दुसरीत होते. आजोबांनी सांगितलं, पाचशे सत्त्याऐंशी. सात आधी ऐकू आला, म्हणून मी सात आधी लिहिला. मशीनमध्येही तोच घातला. आवकचा आकडा बरोबर होता, म्हणून तुझी पत्रं येत राहिली. आजोबांची सगळी आतच अडकली. आज कॉम्प्युटरवाल्याने आकडा सुधारला, तशी एकेक सुटली."



"गधडे," आत्या म्हणाली, रडत की हसत कळेना. "त्याच सत्त्याऐंशीवरून लहानपणी तुझ्या बापाने बाबांचा मार खाल्लाय."

"सहाव्यात काय आहे, आत्या?"

"एकच शब्द. 'ये.' आता कुणाकडे येऊ गं?"

चिमीने खुर्ची ओढली. आजोबांच्या जागी बसली. आपल्या नव्या खात्यातून आत्याला एकच अक्षर लिहिलं : 'मी'. मग पुढे : 'आहे. ये.'

बटण दाबलं. पण मशीन बंद केलं नाही. जावकचा खण रिकामा होईपर्यंत ती पडद्याकडे बघत राहिली, आणि फोनमधून आत्याच्या घरातली टिंग ऐकू आली तेव्हाच उठली.