फेब्रुवारीतली लागण

श्वेत समुद्राच्या त्या खाडीतल्या गोगलगायी गोळा करायच्या, कवच फोडून आत चपटे कृमी आहेत का ते पाहायचं, हे आग्नियाचं कित्येक वर्षांचं काम होतं. त्यात नवल असं काही उरलं नव्हतं. उन्हाळ्यात कुरव पक्षी येतात, लागण झालेल्या गोगलगायी गिळतात. कृमी त्यांच्या पोटात मोठे होतात, विष्ठेतून अंडी खडकांवर पडतात, ती खाऊन दुसऱ्या गोगलगायींना लागण होते. थंडीच्या तोंडावर पक्षी गेले की सगळं थांबतं. बर्फाखाली सापडते ती जुनी, मुरलेली लागण.

म्हणून फेब्रुवारीतल्या त्या सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली ताज्या लागणीतल्या कोवळ्या, जेमतेम आकार धरलेल्या कृमींच्या अळ्या दिसल्या, तेव्हा तिने आधी भिंग पुसलं.

"लुकिच, जरा इकडे या."

वेनियामिन लुकिच खाडीवरच्या संशोधन केंद्राचे प्रमुख, निवृत्तीला टेकलेले. चहाचा पेला घेऊनच आले आणि बराच वेळ डोळा लावून उभे राहिले.

"बरणी चुकली असेल. उन्हाळ्यातली काढलीस."

"काल जिवंत आणल्यात. उत्तरेकडच्या एका खडकावरच्याच अशा आहेत. बाकी खाडीत नेहमीसारखं."

"म्हणजे गरम रक्ताचं कुणीतरी भर थंडीत तिथे जेवायला येतंय म्हणतेस?"

"मी कुठे म्हणतेय? या अळ्या म्हणतायत."

स्वयंपाकीण फेदोस्या दारात उभी होती. ती म्हणाली, "माझाच नवरा असेल तो. घरचं जेवण गोड लागत नाही मेल्याला."

सगळे हसले. पण हा निष्कर्ष असाच छापला तर शहरातले शास्त्रज्ञ तोंडावर हसतील, हे आग्नियाला ठाऊक होतं. तिने एका दूरच्या बेटावरून निरोगी गोगलगायी मागवल्या. फेदोस्याकडून लाल नेलपॉलिश घेऊन प्रत्येकीच्या कवचाच्या टोकाशी एक ठिपका दिला आणि त्या जाळीच्या पिंजऱ्यात बंद केल्या. त्या उत्तरेकडच्या खडकावर ठेवल्यावर त्यांना लागण झाली, तर कुणाला बोलायला जागा उरणार नव्हती.

ओहोटीला पाणी मागे हटतं, बर्फ मात्र खडकांवर टेकून तसाच राहतो. खाली पोटावर सरपटत जाण्याइतकी पोकळी होते. आग्निया आणि लुकिच पिंजरा घेऊन त्या पोकळीत शिरले. वरून हिरवट उजेड झिरपत होता. कुजक्या शेवाळाचा वास होता. एवढ्या थंडीत गोगलगायी खालच्या फटींत अंग चोरून बसतात. इथे त्या खडकाच्या माथ्यावर चढून बसल्या होत्या, अगदी खेटून. आणि त्यांच्या वर बर्फाला एक गुळगुळीत खळगा पडला होता, गरम पातेलं टेकवून ठेवल्यासारखा.

"सील असेल," लुकिच म्हणाले.

"सील गोगलगायी खात नाही."

"भुकेला असेल तर खाईल."

त्यांचा स्वर काही पटलेल्या माणसाचा नव्हता. पिंजरा बांधून दोघं बाहेर आले.

मार्च संपता संपता ते पुन्हा गेले. पिंजरा शाबूत होता. गाठ आग्नियाचीच होती. आतल्या गोगलगायी जागच्या जागी. ती पिंजरा सोडवू लागली, तेवढ्यात लुकिचनी बॅटरी खडकावर मारली.

"आग्निया, खडकावरच्यांनाही ठिपके दिले होतेस?"

"नाही."

उजेड हलला नाही. खडकावरच्या गोगलगायींना लाल ठिपके होते. सगळ्यांना नव्हते, पण पुष्कळ होते. कवचाच्या टोकाशीच, तिने दिले होते तसेच.

तिने ठिपकेवाल्या काही उचलल्या, बिनठिपक्याच्या काही उचलल्या. वेगवेगळ्या पिशव्यांत घातल्या.

दूर कुठेतरी पाणी खळखळलं. भरती लागली होती.

ती बाहेर आली. लुकिच आले नाहीत.

तिने हाक मारली.

पुन्हा मारली.

"आलो गं," आवाज अगदी जवळून आला. ते सावकाश बाहेर सरकले. चेहऱ्यावर घाई नव्हती.

"काय करत होतात आत?"

"काही नाही. बरं वाटत होतं. ऊब होती."

ऊब तिलाही जाणवली होती.

प्रयोगशाळेत तिने आधी खडकावरच्या एकीचा ठिपका खरवडून पाहिला. तो नेलपॉलिशचा नव्हता. घासून, धुवून जाईना, कवचातच उतरला होता. मग तिने खडकावरून आणलेली एकेक गोगलगाय फोडायला घेतली. ठिपका असलेल्या प्रत्येकीत कृमी ठासून भरले होते. ठिपका नसलेली प्रत्येक स्वच्छ होती. एकही अपवाद नाही.

कवच फोडल्याशिवाय आतलं कळायला काही मार्ग नसतो. इतक्या वर्षांत तिला तरी सापडला नव्हता.

दुपारी फेदोस्याने उखा, म्हणजे माशाचं पातळ सूप, आणि काळा पाव टेबलावर ठेवला. लुकिच टोपी काढून जेवायला बसले. आग्निया केस वर बांधून त्यांच्यासमोर बसली. जे पाहिलं ते कसं सांगावं, याची ती जुळवाजुळव करत होती. फेदोस्या वाढता वाढता लुकिचच्या मागून गेली, वळसा घालून आग्नियाच्या मागे आली आणि थबकली.

"हे काय गं?" ती हसत म्हणाली. "गोगलगायी पुरल्या नाहीत म्हणून माझं नेलपॉलिश दोघांनी मानेला फासलंत की काय?"

आग्नियाने चमचा खाली ठेवला. समोर लुकिच मान खाली घालून शांतपणे जेवत होते. त्यांनी आणखी वाढ म्हणून ताटली पुढे केली.