चिमण्याच्या वाटचा डबा

दुपारी भट्टी निवायला लागली की काकू बेकरीच्या मागच्या खोलीत डबे भरायला बसायच्या. पावाची झुंबड ओसरलेली असायची, काका पिठाच्या पोत्याला पाठ टेकून घोरत असायचे आणि टेबलावर पत्र्याचे रिकामे डबे मांडलेले असायचे. तळाला कागद, त्यावर उभी रचलेली बिस्किटं आणि फटीफटीत कोंबलेले लोकरीचे मोजे. त्यामुळे बिस्किटं हलायची नाहीत आणि कुणाचे पायही उघडे राहायचे नाहीत. कोपऱ्यात साबणाची एक वडी, मेणकागदात घट्ट गुंडाळलेली. झाकण बसलं की वर जाड कापड, आणि कापडाला दाभणाने टाके. तो टाका काकूंचा स्वतःचा होता. एक सुलटा, एक उलटा, आणि शेवटी गाठीवर गाठ.

"हा उसवायचा म्हणजे कापडच फाडावं लागणार," काका म्हणायचे. "चुकून शत्रूच्या हाती लागला तर डबा समोर ठेवून उपाशी मरेल बिचारा."

लढाई सुरू होऊन वर्ष होत आलं होतं. त्यांचा एकुलता एक मुलगा वर डोंगरात, बर्फात होता. लहानपणी तो ट्रेमधला चुरा टिपत फिरायचा म्हणून घरात त्याचं नाव चिमणा पडलं. पुढे दारातून वाकून आत येण्याइतका उंच झाला तरी चिमणाच राहिला. त्याची खुशाली अधूनमधून तारेने यायची, दोन ओळींची. मी बरा आहे, काळजी करू नका. डब्यांबद्दल अवाक्षर नसायचं. काकूंना ते लागायचं, पण त्या बोलायच्या नाहीत. डबे काही त्या एकट्यासाठी नव्हतेच. अख्ख्या तुकडीला पुरतील इतके जायचे. "एकट्याला पाठवलं तर बाकीच्या पोरांनी काय त्याच्या तोंडाकडे बघत बसायचं?" असं त्यांचं म्हणणं.

एके दिवशी सकाळी बिस्किटांचा दुसरा घाणा निघत असताना एक जवान दुकानात आला. एका भुवईच्या मधोमध जुन्या जखमेची खाच होती. गिऱ्हाइकं पांगेपर्यंत तो बाजूला उभा राहिला आणि मग म्हणाला, "डबेवाल्या काकू तुम्हीच ना? तुमचा टाका आम्ही सगळे ओळखतो. आभार मानायला आलोय."

काकूंचा चेहरा फुलला. त्यांनी काकांना हाक मारली.

"वर खायला नसतं असं नाही," तो सांगू लागला, "पण सगळं गोठलेलं. दगडावर आपटून फोडायचं. त्यात तुमचा डबा येतो. झाकण काढलं की वाफ येते."

"वाफ?" काकांनी विचारलं.

"बिस्किटं गरम असतात ना. आत्ता भट्टीतून काढल्यासारखी. आम्ही आधी हात शेकून घेतो, मग खातो."

काका पोट धरून हसले. "अहो, आमचं बिस्किट तिथवर अख्खं पोचलं तरी गंगेत घोडं न्हालं. गरम कुठलं पोचतंय!"

तो हसला नाही. आपण काही चुकीचं बोललो का, असा त्याचा चेहरा झाला.

"आणि आमचा चिमणा?" काकूंनी मुलाचं वर्णन केलं, हनुवटीवरचा तीळसुद्धा सांगितला. "त्याला आवडतात का अजून?"

जवान ट्रेकडे बघत राहिला. "त्याचा नंबर नाही आला अजून."

"म्हणजे?"

"म्हणजे, नाही आला." काकूंनी पुढे केलेला ताजा पाव त्याने हातात घेतला नाही. पोट भरलंय म्हणाला आणि निघून गेला.

काका म्हणाले, पोरं शेकोटीवर डबे तापवत असतील, आणि भुकेल्या माणसाला काय, सगळंच गरम लागतं. काकूंना पटलं. नंबराचं मात्र पटलं नाही. कणीक मळताना, ट्रे घासताना त्यांच्या डोक्यात तेच घोळत राहिलं. नंबर कसला? रेशन आहे का ते?

पुढे उन्हाळा तापला. भट्टीजवळ उभं राहवेना. अशाच एका दुपारी एक गोलमटोल माणूस आला. गणवेशाचं वरचं बटण तुटलेलं होतं. आपण त्याच तुकडीतले आचारी, असं त्याने सांगितलं, आणि तोही आभारच मानू लागला. गेल्या खेपेला बिस्किटं जरा जास्त खरपूस होती, तशीच पोरांना आवडली, म्हणाला. गेल्या खेपेला काकांना खरोखरच डुलकी लागली होती आणि अख्खा घाणा करपता करपता वाचला होता.

काकांनी धंद्यातल्या माणसाला विचारावं तसं विचारलं, "तुम्ही तापवूनच वाटत असाल ना?"

"कशावर?" आचारी म्हणाला. "रॉकेल कधीच संपलंय. वर काडीसुद्धा पेटत नाही. डबा उघडला की गरम असतो. मीच तर वाटतो सगळ्यांना."

"तुम्ही वाटता?" काकू पुढे झाल्या. "मग माझ्या पोराला का देत नाही?"

"देत नाही असं नाही, काकू. तो आमच्या पंगतीला बसत नाही अजून. पलीकडे असतो."

"पलीकडे म्हणजे कुठे?"

तो तुटक्या बटणाचा दोरा ओढत राहिला.

काकूंचा इतक्या दिवसांचा राग उफाळून आला. "माझ्या हातचं, आमच्या भट्टीतलं, आणि माझंच लेकरू तोंड बघत बसतं? काय घोडं मारलंय त्याने तुमचं? ते काही नाही. पुढच्या वेळी पहिला डबा त्याला द्यायचा."

आचाऱ्याचा गोल चेहरा एकदम उतरला. त्याने मदतीसाठी काकांकडे पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "काकू, असं मागू नका."

"का?"

"पाठवत राहा. तुमचे उपकार आहेत आमच्यावर, फार मोठे आहेत. पण त्याच्या नावाने पाठवू नका."

एवढं बोलून तो वळला आणि उन्हात चालू लागला. काका त्याच्या मागे दारापर्यंत गेले, रस्त्याकडे बघत थोडा वेळ थांबले आणि परत आले. कुठल्या बाजूला गेला ते दिसलं नाही म्हणाले.

काकूंनी दुसऱ्याच दिवशी चिमण्यासाठी वेगळा घाणा काढला. लोणी सढळ हाताने घातलं. डबा काठोकाठ भरला, कापडावर त्याचं पूर्ण नाव लिहिलं आणि टाके लाल दोऱ्याने घातले. काका बघत होते. "तो माणूस नको म्हणाला होता," एवढंच ते म्हणाले.

"तो कोण मला सांगणारा? मी आई आहे."

डबा द्यायला त्या स्वतः स्टेशनवर गेल्या. एरवी बेकरीची हातगाडी सगळे डबे तिथल्या पार्सल ऑफिसात पोचवायची. पार्सलबाबू कागदाच्या पंख्याने वारा घेत बसला होता. काकूंना बघून तो उठलाच. "बरं झालं तुम्ही आलात. निरोप पाठवीन पाठवीन म्हणत राहून गेलं. या जरा आत."

मागच्या शेडमध्ये, भिंतीच्या कडेला, काकूंचे डबे होते. सगळे. छातीएवढा ढीग लागला होता.

"यंदा वरचा बर्फ हटलाच नाही," बाबू सांगत होता. "घाट बंद. गाडी पायथ्यापर्यंत जाते आणि तशीच परत येते. तुमचा एकही डबा पुढे गेलेला नाही. खाण्याचा माल, नासला असेल सगळा. वाईट वाटतं."

"पण पोरं येऊन गेली," काकू म्हणाल्या.

"कुठली पोरं?"

काकूंनी ढिगातला एक डबा ओढून काढला. एक सुलटा, एक उलटा, गाठीवर गाठ. टाका जसाच्या तसा होता. पण डबा हाताला हलका लागला. बाबूच्या टेबलावरची सुरी घेऊन त्यांनी कापड फाडलं.

आत चुरा होता. बिस्किटं नव्हती, मोजे नव्हते. साबणाची वडी तेवढी कोपऱ्यात होती, मेणकागदही न उघडलेली.

त्यांनी डब्यात हात घातला आणि झटकन मागे घेतला. तळ पोळत होता.

"शेड पत्र्याची आहे," बाबू म्हणाला. "तापते दिवसभर. आणि उंदीर तर विचारू नका." मग त्याची नजर त्या टाक्यांवर गेली.

काकूंनी आणखी एक डबा फाडला. मग ढिगाच्या अगदी तळाचा, जिथे गारवा होता तिथला. तसाच रिकामा. तसाच गरम.

लाल दोऱ्याचा डबा त्यांच्या काखेत होता. तो गार होता आणि जड होता.

तो घेऊन सरळ घरी जावं असं त्यांना वाटलं. का वाटलं ते त्यांना सांगता आलं नसतं. आचाऱ्याचा उतरलेला चेहरा डोळ्यांपुढे येत होता. खाणारं कोणीतरी आहे, एवढं तर खरं होतं. मग आपल्याच लेकराने का खाऊ नये? आणि नकोच म्हणायचं, तर ते कशासाठी? त्या दारापर्यंत गेल्या, परत आल्या, पुन्हा दारापर्यंत गेल्या. बाबूने पाण्याचा पेला आणून दिला. तो त्यांच्या हातातच राहिला.

कुठली आई लेकराच्या तोंडचा घास काढून नेते?

त्यांनी डबा ढिगाच्या अगदी वर ठेवला. त्याचं नाव वरच्या बाजूला येईल असा.

घरी आल्यावर त्यांनी काकांना सगळं सांगितलं. काकांनी चेष्टा केली नाही. शेड पत्र्याची असेल, असंही म्हणाले नाहीत. ते उठले आणि थंड भट्टीची राख काढत बसले, काढायला राख उरली नव्हती तरी.

त्यानंतर काकूंनी नवे डबे मांडले, पण भरले नाहीत. रोज मांडायच्या, रोज उचलून ठेवायच्या.

चिमणा आला तेव्हा संध्याकाळच्या पावासाठी काका भट्टी पेटवत होते. तो मागच्या दाराने आला, नेहमीसारखा वाकून.

"आई."

काकूंनी त्याला मिठी मारली. त्याच्या हनुवटीवरचा तीळ चाचपला. काका लाकडं तशीच टाकून धावत आले आणि त्याच्या पाठीवर थापा मारत राहिले.

"कसा आलास रे? घाट बंद आहे ना?"

"उतरलो. सगळे एकदमच उतरलो."

त्याला भट्टीसमोरच्या स्टुलावर बसवलं. तो जाळाकडे बघत राहिला.

"खातोस ना काही? थांब, पाव..."

"नको. डबा मिळाला, आई."

काकूंचा हात हवेतच थांबला. "कोणता?"

"लाल दोऱ्याचा. परवा. आचारी देतच नव्हता. मी हिसकावूनच घेतला. माझं नाव होतं ना त्यावर."

खोलीत फक्त लाकडं तडतडत होती.

"गरम होता?" काकांनी विचारलं.

"हो ना," चिमणा हसला. "किती दिवसांनी हात शेकले, बाबा."

काका मागे वळले. हाताला लागेल ते लाकूड भट्टीत सारू लागले, एकावर एक. जाळ वर उसळला. त्या धगीने काकूंच्या कपाळावर घाम डवरला.

चिमण्याच्या कॉलरवर, खांद्यांवर पांढरं काही पसरलं होतं. बेकरीत कुणाच्याही अंगावर असतं तसं. पीठच असेल म्हणून ते झटकायला काकूंनी हात पुढे केला.

ते पीठ नव्हतं. बोटांना गार लागलं. आणि भट्टीच्या एवढ्या जवळ असूनही ते वितळत नव्हतं.