सावलीभोवतीचं कडं

"शाल्मली, बघ ना! गोल इंद्रधनुष्य! आणि त्यात आपल्या विमानाची सावली!"

निनाद ओरडला आणि शाल्मलीच्या पोटात दुखायला लागलं.

कोल्हापूरहून जळगावला निघालेल्या त्या छोट्या विजेवरच्या विमानात प्रत्येक रांगेत दोन्ही बाजूंना एकेकच आसन होतं. उजवीकडची खिडकी तिनेच सकाळी मावशीकडे हट्ट करून मिळवली होती. तिच्या या मावसभावाने ती निमूट सोडून दोन रांगा पुढची डावी खिडकी घेतली, आणि आता तिच्या खिडकीत नुसतं डोळे दिपवणारं ऊन होतं!

"थापा मारू नकोस," ती म्हणाली. जागची हललीसुद्धा नाही. पोहण्याचं पदक त्याला, वक्तृत्वाचं बक्षीस त्याला. आता इंद्रधनुष्यही त्यालाच?

पाणी वाटत फिरणारी भिंगरी नावाची यंत्रसेविका जवळ आली, तशी शाल्मली फणकारली, "सगळी गंमत त्याच्याच बाजूला का?"

"कारण सूर्य तुझ्या बाजूला आहे," भिंगरी म्हणाली. "आपण उत्तरेला चाललोय. सकाळचा सूर्य उजवीकडे, म्हणून सावली डावीकडच्या ढगांवर. ढगातले बारीक थेंब थोडा प्रकाश आला त्याच दिशेला परत पाठवतात. परतताना प्रत्येक रंगाचा कोन जरासा वेगळा, म्हणून रंग सुटे होतात. हे प्रभामंडल (सावलीभोवती दिसणारं रंगीत कडं)."

"म्हणजे मला दिसणारच नाही."

तेवढ्यात वैमानिकाने सांगितलं, की धावपट्टी मोकळी होईपर्यंत घिरट्या घालाव्या लागतील. विमान वळलं. ऊन शाल्मलीच्या मांडीवरून सरकत निनादच्या तोंडावर गेलं, आणि तिच्या खिडकीबाहेर पांढऱ्याशुभ्र ढगांवर ते कडं उमटलं. बाहेरून तांबडं, आतून निळसर.

ती काचेला नाक लावून बसली. हे माझं एकटीचं, तिने ठरवलं.

"माझं गेलं गं," निनाद हळूच म्हणाला. त्याचं पडलेलं तोंड बघून तिला आधी बरं वाटलं. मग तेवढं बरं वाटेना.

"ये इकडे," ती म्हणाली. "सावलीच्या शेपटीपाशी बघ."

"पण मघाशी माझं तर पंखाच्या पुढे होतं!"

"काहीतरीच!"

निनाद धावत तिच्याच बाजूच्या, पुढच्या रिकाम्या आसनावर गेला. "इथून पुढेच दिसतंय!"

"दोघंही खरं सांगताय," भिंगरी म्हणाली. "कड्याचा मध्य सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला, बघणाऱ्याच्या डोळ्यांच्या सावलीवर असतो. शाल्मली मागे बसते, तिचं कडं शेपटीपाशी. निनाद पुढे, त्याचं पुढे. एकाचं कडं दुसऱ्याला मिळतच नाही."

शाल्मली बघतच राहिली. म्हणजे मघाशी त्याने तिचं काहीच घेतलं नव्हतं.

"ढग असले की कुठेही दिसतं?" तिने विचारलं.

"समोर थेंब पाहिजेत, आणि सूर्य पाठीशी. शुक्राच्या ढगांवरही अवकाशयानाने असं कडं टिपलंय. माणसाने मात्र तिथे जाऊन अजून पाहिलेलं नाही."

"मी जाणार," शाल्मली म्हणाली. मग पुढच्या आसनाकडे बघत जरा थांबली. "तूही ये. पण खिडकीत आधी मी बसणार हं."

"बस," निनाद म्हणाला. "मी दुसऱ्या खिडकीत बसतो. यान वळेलच की."

शाल्मलीला हसू आवरलं नाही.